सलील एकटा निघाला

अनुसूया : सलील अजून प्रेम नगरच्या घरी पोचला नाही म्हणतो ना जयसिंग? मग बसलीस काय? ऊठ!

चारुता : थोडं थांबू, आई. दादा हळू चालतो.

अनुसूया : पस्तिशी उलटली त्याची, पण समज लहान पोराची; कधी एकटं सोडलं नाही मी. एकदाच हातातून सुटला, तर बिजौली गावात चोर समजून बडवला लोकांनी. नाव विचारलं तर नुसता हसत राहिला म्हणे.

चारुता : तेव्हापासून तू बाहेरून कडी लावतेस.

अनुसूया : मग काय करू? मी गेल्यावर कडी लावायलाही कोणी नाही.

चारुता : म्हणून तर प्रेम नगरचं घर घेतलं ना तीन कुटुंबांनी, आपापल्या मुलांना एकत्र राहायला? त्यांच्या मदतीला तिथं जयसिंग भैया राहतात. नॉर्वेत मी हेच काम करत होते, आई. तिथंही आधी अशा माणसांना मोठमोठ्या संस्थांत ठेवायचे. मग कायदा केला, त्या बंद केल्या. आता वस्तीतच घर देतात. आणि कुठं राहायचं ते त्यांनाच विचारतात. दादाला विचारलं, तर प्रेम नगरला राहतो, एकटा जातो म्हणाला. रस्ता पाठ व्हावा म्हणून महिनाभर त्याच्या मागं मागं चालले मी.

अनुसूया : तिथं सरकार माणूस देतं. इथं एक जयसिंग! तो उद्या गावी निघून गेला तर?

चारुता : मदत द्यायची म्हणून सरकारी अधिकारी घर बघायला येतो म्हणालेत, अजून आले नाहीत. मला पण भीती वाटते गं.

अनुसूया : फोन वाजतोय! कोणाचा नंबर हा? अस्पतालातून असेल. देवा, उचल लवकर!

चारुता : हॅलो? जी, मी त्याची बहीण... दादा? कुठं आहेस तू?

सलील : औषधांच्या दुकानात. बारात आली. बँड लई मोठा. मी आत आलो. दुकानातल्या दीदींना म्हटलं, फोन लावा.

चारुता : लागलं नाही ना कुठं?

सलील : नाही.

अनुसूया : सल्या, तिथंच थांब रे! मी येते, घरी घेऊन येते तुला!

सलील : चारू, आई रडतेय?

चारुता : हो रे.

सलील : मग तिला नको पाठवू. जयसिंग भैयाला पाठव.