शाळेच्या ओट्यावरच्या चुली

झुंबरबाई : आसं कुणी इच्यारतं का मायला? म्हणं, देश आपला हाय आसं कव्हा वाटलं!

धर्मराज : माय, तेच तर शिकून राह्यलो मी औरंगाबादला. समाजशास्त्र. वेगवेगळ्या वस्तीत राहणारी माणसं स्वतःला एका राष्ट्राची कधी समजतात, कशामुळं समजतात. गावोगाव विचारत फिरायचंय. म्हणलं, घरून सुरुवात करावी.

झुंबरबाई : मंग लिही, झेंडावंदनाला वाटलं.

धर्मराज : तू कधी गेल्ती झेंडावंदनाला? खरं सांग.

झुंबरबाई : खरं म्हणशील तर बांगलादेशाच्या लढाईत. दुष्काळाच्या आधी झाली न्हाई का, ती.

धर्मराज : रेडिओवर ऐकून?

झुंबरबाई : रेडू कुठला आपल्या बौद्धवाड्यात! जवानांच्या गाड्या जालन्याहून जायच्या. गुरुजी म्हणले, दशम्या करून टेसनावर धाडू. शाळेच्या ओट्यावर चुली मांडल्या आन् गावातल्या झाडून साऱ्या बाया बोलावल्या. आपल्याबी.

धर्मराज : आपल्या हातच्या दशम्या चालल्या पाटलांना?

झुंबरबाई : एक म्हातारी बोलली व्हती काहीतरी. गुरुजी म्हणले, खाणारा कोण हे तुम्हाला ठावं हाय का? मंग लागल्या समद्या पीठ मळायला. माझ्या चुलीला गोजरबाई आली, सर्जेराव पाटलाची सून. ती थापायची, मी भाजायची. तिचं बोट पोळलं तर मीच धरलं पाण्यात. काय हसायचो रं आम्ही! झुंबरअक्का म्हणायची मला. माझी माय गेल्यावर नावानं हाक मारणारं कुणी राह्यलं नव्हतं.

धर्मराज : मंग?

झुंबरबाई : मंग काय. लढाई जिंकली. शाळेत साखर वाटली, चुली मोडल्या.

धर्मराज : अन् गोजरबाई?

झुंबरबाई : गिरणीत भेटली नंतर. मी लगबगीनं गेले, म्हणलं बोट बरं झालं का? सासू व्हती तिच्या संगं. गोजरबाईनं पदर सावरला आन् बाजूला सरकली.

धर्मराज : बोलली न्हाई?

झुंबरबाई : बिलकुल न्हाई. अजून न्हाई.

धर्मराज : हेच लिहायला पाहिजे, माय.

झुंबरबाई : लिही, पर नाव नगं टाकू तिचं. सासूला कळलं तर घरात जगू द्यायची न्हाई. तिलाबी कोण हाय बोलायला तिथं?

धर्मराज : तू अजून तिचीच काळजी करते! चल ना माझ्याकडं. खोली बारकी हाय, पण मावू दोघं. इथं दिवसभर कुणाशी बोलते तू?

झुंबरबाई : तू कुणासंगं बोलतो तिथं?

(धर्मराज वहीची पानं चाळतो.)

धर्मराज : पुस्तकं असतात.

झुंबरबाई : पुस्तकं वाचतो तर मला एक सांग. परत लढाई कव्हा व्हईल?

धर्मराज : माय! असं म्हणू नये. माणसं मरतात. कुणाची तरी लेकरं असतात ती.

झुंबरबाई : व्हय रं बाबा, लढाई नगंच. नुसती गाडी येऊ दे जवानांची. सुट्टीवर घरी चालले आसले तरी चालंल. भूक तर लागंलच की त्यांना.