पंच्याण्णवच्या आत

ताई : किती भरलं?

भाऊ : एकशे तेरा.

ताई : मागच्या सोमवारी?

भाऊ : एकशे तेरा. त्याच्या मागच्यालाही तेवढंच. मला तर वाटतं, हा तुमच्या डायलिसिसच्या हॉलबाहेरचा काटाच बिघडलाय.

नर्स : काटा ठणठणीत आहे. आत्ताच बाईंना त्यावर उभं केलं, तर दोन किलो जास्त. म्हणजे शनिवारपासून दोन लिटर पाणी अंगात साठलंय. ते काढायला या मशीनला आता चार तास लागणार.

ताई : ही माझ्या वर्गात शिकायला होती बरं का. गणितात जेमतेम पास व्हायची. आता माझ्या घोटांची बेरीज करते.

नर्स : हात हलवू नका बाई. सुया आहेत.

ताई : नाही हलवत. तू स्टूल ओढ आणि असा पुढे बस, उजेडात. ओठ किती सुकलेत तुझे. बुधवारी काय झालं?

भाऊ : बुधवारी? कुठे काय.

ताई : तुझ्या बायकोचा फोन आला होता.

भाऊ : तिला बजावलं होतं, ताईला कळवू नकोस म्हणून.

ताई : म्हणूनच कळवलं तिने. बोल.

भाऊ : भट्टीसमोर जरा गरगरलं. पावांचा ट्रे बाहेर ओढत होतो. ट्रे पडला. मी नाही पडलो. म्हणजे, बसलो खाली. आमच्या मोठ्या कारागिरांनी, उस्तादांनी धरलं.

ताई : का गरगरलं?

भाऊ : उकाडा असतो गं तिथे.

ताई : वीस वर्षं आहेस त्या बेकरीत. उकाडा बुधवारी सुरू झाला?

नर्स : पोटात काय होतं त्या दिवशी?

भाऊ : पाणी.

नर्स : आणि आदल्या दिवशी?

भाऊ : पाणीच. सिस्टर, तुम्ही दोघी मिळून उलटतपासणी घेऊ नका. डॉक्टरांनी मला एक आकडा दिलाय. पंच्याण्णवच्या आत. एकशे छत्तीसवरून मी तेवीस किलो उतरवले, पायऱ्या चढून, उकडलेल्या भाज्या गिळून. आणि आता पाच आठवडे काटा जागचा हलत नाही. मग म्हटलं, आपणच धक्का देऊन बघू.

नर्स : धक्का काट्याला नाही, तुम्हाला बसला. किडनी देणारा माणूस आधी स्वतः धडधाकट लागतो. उपाशी राहून चक्कर येणाऱ्याला डॉक्टर टेबलावर घेतील का? अडकणं सगळ्यांचंच होतं. शरीर जरा दम खातं आणि पुन्हा उतरायला लागतं. खाणं आहाराच्या तक्त्याप्रमाणेच ठेवायचं. पलीकडचं मशीन वाजतंय, मी आलेच.

भाऊ : चांगली मुलगी आहे. पण बोलते अगदी तुझ्यासारखी.

ताई : विषय बदलू नकोस. मला नको तुझी किडनी.

भाऊ : झालं सुरू.

ताई : शांतपणे सांगतेय. यादीत माझं नाव आहे. येईल तेव्हा येईल. तोवर हे मशीन आहे.

भाऊ : यादीत नाव लागून दोन वर्षं झाली. भावजींचा रक्तगट जुळत नाही, माझा जुळतो. मध्ये फक्त माझं पोट आडवं आलंय. तेवढं बाजूला करायचं आहे. यात तुला नको म्हणण्यासारखं काय आहे?

ताई : आहे.

भाऊ : मग सांग ना. चार तास इथेच आहोत दोघं.

ताई : आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास.

भाऊ : हो.

ताई : मी पंधराची. बाबा दिवसभर कामावर. तू रडायला लागलास की मला काही सुचायचं नाही. पावाचा तुकडा घ्यायचे, लोणी लावायचे, वर साखर भुरभुरवायचे आणि तुझ्या हातात द्यायचे. तू गप्प व्हायचास. पडलास, पाव. शाळेत कुणी चिडवलं, पाव. पुढे तर तू रडायच्या आधीच मी पाव कापायला लागले. आठवीत गेलास तेव्हा तुला वर्गातला बाक पुरत नव्हता.

भाऊ : माहितेय मला. मीच बसायचो त्यावर.

ताई : तुझं हे वजन मी चढवलंय तुझ्या अंगावर. आता ते उतरवताना तू भट्टीसमोर कोसळायचं, आणि उतरवून परत मलाच काहीतरी काढून द्यायचं. मला ते घेववणार नाही रे.

भाऊ : हे किती दिवस डोक्यात आहे तुझ्या?

ताई : तू पहिल्यांदा काट्यावर उभा राहिलास त्या दिवसापासून.

भाऊ : आणि मला वाटत होतं, तुला माझा भरवसा वाटत नाही. वाटत होतं, ताई मनात म्हणत असेल, ह्याच्याने काय होतंय.

ताई : तसं कधीच नाही वाटलं.

भाऊ : एक सांगू? त्या पावामुळे मी गप्प नव्हतो होत. मी खाईपर्यंत तू शेजारी बसायचीस. पाव संपला की उठायचीस, भांडी घासायला. म्हणून मी हळूहळू खायचो. आणि मग दुसरा मागायचो.

ताई : हे तू कधी बोलला नाहीस.

भाऊ : मलाच या वर्षी कळलं. त्या आहारवाल्या बाई म्हणाल्या, कधी खावंसं वाटतं ते वहीत लिहा. लिहायला लागलो. सकाळी नाही, जेवणाच्या वेळी नाही. दुपारी चार. रोज चार. तेव्हा बेकरीत दुसरी खेप निघते. सगळे चहाला पांगतात, आणि मी एकटा त्या गरम पावांसमोर. पोट भरलेलं असतं, तरी हात जातो. बाबा कामावर आणि तू शाळेतून यायची वेळ ती चारचीच होती ना?

ताई : सव्वाचार. मी धावत यायचे.

भाऊ : तेच.

ताई : चार वाजता मलाही कठीण जातं. दिवसाला एक लिटर, त्यात चहा धरून. सकाळी मी शहाण्यासारखी वागते. चारला घसा असा सुकतो की कुंडीत पाणी घालताना झाडाचा हेवा वाटतो.

भाऊ : आणि मग?

ताई : मग कधी पिते. म्हणून तर हे दोन किलो. तुझी चक्कर मला कळली, माझं हे काट्याला कळतं.

भाऊ : म्हणजे दोघंही चोर.

ताई : ऐक. चारला मला फोन करायचा. रोज.

भाऊ : काय बोलायचं रोज?

ताई : काही नाही. मी अर्धी वाटी पाणी घेईन, घोट घोट. तू काकडी खा, गाजर खा, तक्त्यात असेल ते. दहा मिनिटं. तुझं खाऊन होईपर्यंत मी फोन ठेवणार नाही.

भाऊ : आणि किडनीचं?

ताई : त्याला एक अट. पुन्हा एक दिवस जरी उपाशी राहिलास, तरी मी डॉक्टरांना सांगेन की मला घ्यायची नाही. माझीही सही लागते त्या कागदावर.

भाऊ : आणि नाही राहिलो तर?

ताई : तर बघू काटा काय म्हणतो.

(पाच महिन्यांनंतर. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरची खोली. तिघांच्याही तोंडावर मास्क.)

नर्स : खुर्ची तिथेच ठेवा, भिंतीपाशी. बाईंच्या जवळ जायचं नाही. हात धुतलेत ना?

भाऊ : दोनदा. तुमची बदली झाली का वरती?

नर्स : नाही, मी खालचीच. सुट्टीत बाईंना बघायला आलेय. दोन वर्षं मशीनवर होत्या, आता नवी किडनी कशी चाललीय ते बघायला नको?

ताई : चालतेय. डॉक्टर खूश आहेत. नऊ दिवस झाले. आणि हा आज उगवलाय.

भाऊ : ऑपरेशनच्या दिवशी आलो होतो. काचेतून बघितलं तुला.

ताई : ते तुझ्या भावजींनी सांगितलं. मी त्यानंतरचं विचारतेय. पाचव्या दिवसापासून फोन माझ्या उशाशी आहे. रोज चारला वाट बघितली.

भाऊ : बेकरीत काम वाढलंय.

ताई : वजन किती?

भाऊ : बघितलं नाही.

ताई : बाहेर काटा आहे.

भाऊ : ताई, आज नको.

ताई : बरं. नको तर नको. काय झालंय ते सांग.

भाऊ : सिस्टर, तुम्ही जरा...

ताई : तिला राहू दे. तिने माझं सगळं पाहिलंय, आता तुझं ऐकेल.

भाऊ : त्या सकाळी भावजींचा फोन आला, की यादीतून बोलावणं आलं, किडनी मिळाली, निघालोय. मी उस्तादांच्या गळ्यात पडलो. खरंच आनंद झाला, ताई. नाही असं नाही.

ताई : मला माहितेय.

भाऊ : तू शुद्धीवर आलीस ते कळलं आणि मी बेकरीत गेलो. क्रीमचे बन भरून ठेवले होते. मागच्या दाराशी उभं राहून चार खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सत्त्याण्णववर होतो मी. दोन किलो राहिले होते. फक्त दोन. कुणाच्या तरी घरचं माणूस गेलं, त्यांनी तशात एवढं मोठं मन केलं, तू वाचलीस. आणि मी काय करत होतो, तर माझी घेतली नाही म्हणून रुसून बसलो होतो. कुठल्या तोंडाने फोन करणार होतो?

ताई : स्ट्रेचरवरून नेत होते ना, तेव्हा माझ्याही मनात तेच आलं. सुटले, आणि मग लगेच, आता ह्याला काय सांगू.

भाऊ : खरंच?

ताई : एकोणचाळीस किलो उतरवलेस माझ्यासाठी. मी विसरेन होय?

नर्स : वाया काही जात नाही हो. ही किडनी दहा-बारा वर्षं चालेल, जास्तही चालेल. पुढे कधी पुन्हा गरज लागली तर...

भाऊ : मग मी तयार राहतो. हे डोक्यातच नव्हतं आलं. बारा वर्षांनी मी चोपन्नचा. चालेल ना सिस्टर?

ताई : नाही चालणार. बारा वर्षं तू माझ्यासाठी कपाटात जपून ठेवलेली वस्तू म्हणून काढायची नाहीस. मला बघायचं नाही ते.

भाऊ : मग कशासाठी करू?

ताई : ते तू सांग. या वर्षात तुला स्वतःला काही मिळालं की नाही? माझं सोड.

भाऊ : बूट वाकून बांधता येतात.

ताई : आणखी?

भाऊ : घोरणं गेलं, असं बायको म्हणते. क्रीम चाखायचं काम उस्तादांनी माझ्याकडून काढून स्वतःकडे घेतलं. ते चार किलो वाढलेत.

नर्स : त्यांना पाठवा माझ्याकडे.

भाऊ : आणि... धाकटी लेक मागून येऊन मिठी मारते. पूर्वी तिचे हात माझ्या बरगड्यांपर्यंतच पोचायचे. दिवाणावर चढून, पाय टेकवून ताणायची. मागच्या महिन्यात माझ्या पोटावर तिच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांना लागली. तिने आईला हाक मारून दाखवलं.

ताई : हे तू मला का नाही सांगितलंस?

भाऊ : चारच्या फोनवर तू आकडाच विचारायचीस.

ताई : चुकलं माझं.

भाऊ : चुकलं वगैरे काही नाही.

ताई : आता माझं एक काम कर. मला शिकव.

भाऊ : मी? तुला?

ताई : या नव्या गोळ्यांनी भूक खवळते. खोटं नाही सांगत, आज नाश्त्याची ताटली न्यायला आल्या त्या मावशींकडे मी दुसरी मागितली. डॉक्टर म्हणाले, सांभाळा, असं वाढलेलं वजन या किडनीला झेपायचं नाही. तोंड बघ कसं फुगलंय.

भाऊ : मास्कमध्ये कुठे दिसतंय.

ताई : कपाळावर मास्क नाही. हसवू नकोस, टाके ओढले जातात माझे. आयुष्यभर मी मोजून जेवले. भूक अशी अंगावर येते हे मला माहीतच नव्हतं. तुला म्हणायचे, हात आवर. किती सोपं वाटायचं म्हणायला.

भाऊ : सोपं नाही ते.

ताई : कळलं आता. तू काय करायचास?

भाऊ : आधी एक पेला पाणी प्यायचं.

ताई : पाणी. किती दिवसांनी मला कुणीतरी पाणी पी म्हणतंय.

भाऊ : मग पाच मिनिटं थांबायचं आणि विचारायचं, उकडलेला कोबी चालेल का? चालेल असं उत्तर आलं तर ती भूक. बनच पाहिजे असं आलं तर दुसरं काहीतरी आहे. त्या दुसऱ्याचं काय ते मग बघायचं.

ताई : आणि बघूनही बन खाल्ला गेला तर?

भाऊ : तर खाल्ला. दुसऱ्या दिवशी दडी मारायची नाही. कुणालातरी फोन करायचा. हे मी आज शिकलो, नऊ दिवस उशिरा.

नर्स : शिकवणी झाली असेल तर बाईंची चालायची वेळ झालीय. व्हरांड्यात दोन फेऱ्या. नळ्या कालच काढल्यात, आता उठायला काही अडचण नाही.

ताई : तू धर मला.

भाऊ : जवळ यायचं नाही ना?

नर्स : एवढं चालेल. हे हातमोजे घाला. कोपराला धरा, दंडाला नको. मी मागे आहेच.

भाऊ : उठ. असं. चपला घाल आधी. थांब, मी सरळ करतो.

ताई : वाकलास की रे.

भाऊ : हो.

ताई : चल. भिंतीच्या कडेने जाऊ. एवढ्या भरभर नको, तुला दम लागेल.

भाऊ : मला नाही लागत आता, ताई.