तीन रॉकेटं, एकामागून एक

आगरदांड्याच्या जेट्टीवर रचनाबाई बोटीच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे पुठ्ठ्याचं अंतराळयान काखेत धरलेला एक बाप आणि त्याची मुलगी राही. काल मुरुडच्या विज्ञान प्रदर्शनात ते यान रचनाबाईंनीच बाद केलं होतं. दोघांची पाठ होती, तरी रचनाबाईंनी मान खाली घातली.

"तुला इचारलं काय व्हतं?" बापानं राहीला विचारलं.

"जुनं यान माघारी आणताना ब्रेकची तीन रॉकेटं कशी पेटवायचे, म्हणजे वेग कमी करून यान खाली आणणारी. मी म्हटलं, पाच-पाच सेकंदांनी, एकामागून एक. बाई म्हणाल्या, चूक, तिन्ही एकदम."

"एकदम का न्हाय?"

"एकदम पेटली नि जोर वाकडा बसला तर यान गरगरंल. एकेकाचा धक्का सावरता येतो. आत माणूस असतो ना."

"हे बोललीस तिला?"

"बोलू दिलं न्हाय. पुढचा नंबर बोलावला."

"आनि तू गप निघून आलीस."

बाप रागानं मागे वळला. "बाई, तुम्हीच सांगा, पोरगी चुकली का?"

राहीही वळली. तिचा चेहरा उतरला. "बाबा, ह्याच त्या."

रचनाबाई काही बोलणार, तोच बापानं यान त्यांच्या हातात दिलं.

"तुम्ही नका बोलू. बोट यायला वेळ हाय. राही, सांग त्यांना, पहिल्यापासनं."