सहावं नाव

मयूर : तू उगाच भावनिक होतेयस, तृप्ती. मी तुझा मॅनेजर आहे, शत्रू नाही. टीम लीड म्हणून एकच नाव द्यायचंय तुला. वार्षिक मूल्यांकनात शेवटच्या श्रेणीत एक माणूस टाकावाच लागतो.

तृप्ती : आणि त्या श्रेणीतला माणूस दोन महिन्यांत घरी बसतो. तेही सांगा ना, सर.

मयूर : ते एचआर बघेल. हिरामणचं नाव टाक आणि विषय संपव. पाचला फॉर्म बंद होतायत.

तृप्ती : हिरामणच का?

मयूर : व्हिजिबिलिटी नाही त्याची. मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. गेल्या महिन्यात तर आठ दिवस जागेवरच नव्हता.

तृप्ती : नामपूरला होता, कांदा मार्केटमध्ये. रेंज गेली की आपलं लिलावाचं ॲप वजनं गिळत होतं, ते तिथे बसून दुरुस्त करत होता. तुम्हीच पाठवलंत.

मयूर : असेल. पण मेल कुठाय? मी एवढं एवढं केलं, असा एक मेल टाकायला काय जातं?

तृप्ती : शेतकऱ्यांच्या शिव्या खात, ट्रॅक्टरच्या सावलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता तो. तुम्हीही गेला होतात की नामपूरला. उद्घाटनाला. फेटा बांधलात, नारळ फोडलात, आणि जेवायला नाशिकला परत. तुमचा मेल मात्र आला होता. फोटोसकट.

मयूर : लीडरशिप म्हणतात त्याला. क्लायंटसमोर एक चेहरा लागतो.

तृप्ती : चेहरा तुमचा, आणि कापायला मान त्याची.

मयूर : बरं, मग पल्लवीचं टाक.

तृप्ती : ती बाळंतपणाच्या रजेवर आहे.

मयूर : तेच म्हणतोय. तिला आत्ता कळणारसुद्धा नाही.

तृप्ती : चार वर्षं तुमच्या हाताखाली काढली, सर. राग पुष्कळदा आला. लाज आज वाटली.

मयूर : नियम मी केलेला नाही. पुण्याच्या हेड ऑफिसातून आलाय. सहा किंवा जास्त माणसांची टीम असेल तर एक जण खाली जाणारच.

तृप्ती : सहा? आम्ही पाच आहोत. मी, हिरामण, पल्लवी, सनी, मोहिनी.

मयूर : सिस्टिममध्ये सहा दिसतायत म्हणून तर मला फोन आला. तू यादी उघडून बघितलीस का?

तृप्ती : ज्या यादीतून माणूस कापायचा ती उघडायचा धीर होत नव्हता. थांबा.

(ती लॅपटॉप त्याच्याकडे वळवते.)

तृप्ती : सहावे तुम्ही आहात.

मयूर : ते... ते वेगळं आहे. उत्कृष्ट टीमचं बक्षीस फक्त टीमच्या सदस्यांना मिळतं, मॅनेजरला नाही. म्हणून एचआरला सांगून नाव घालून घेतलं. नुसतं कागदोपत्री.

तृप्ती : कागदोपत्री का होईना, सदस्य आहात. सदस्यांचे फॉर्म लीडकडे येतात. हा बघा तुमचा, कोरा. भरू?

मयूर : डोकं ठिकाणावर आहे का? तू मला श्रेणी देणार?

तृप्ती : कारणं लिहावी लागतात खाली. हिरामणची खोटी लिहावी लागतील. तुमची शोधायलाही नकोत.

मयूर : वरचे लोक वाचतात ते.

तृप्ती : म्हणून तर विचारून भरतेय. नाहीतर स्वतःचं नाव काढून घ्या. टीम पाचाची झाली की नियमच लागत नाही. कोणीच जात नाही.

मयूर : अगं, शुक्रवारी पुण्यात त्या बक्षिसाचा कार्यक्रम आहे. माझे सासरे येणार आहेत. सगळ्यांना सांगून बसलोय मी.

तृप्ती : हिरामणनेही सांगितलंय घरी. पेठकडच्या त्याच्या पाड्यावर, नोकरी पक्की झाली म्हणून. त्याची आई गावभर सांगत फिरली. चार चाळीस झालेत, सर.

मयूर : एचआरला मेल कर. माझं नाव काढा म्हणावं.

तृप्ती : तुमच्या मेलवरून करा. घालतानाही तुम्हीच केला होता.

मयूर : ...गेला. आता हे बाहेर कुठे बोलू नकोस. माझं नाव का गेलं, असं कोणी विचारलं तर काय सांगणार आहेस?

तृप्ती : कोण विचारणार, सर? तुम्ही टीममध्ये होतात हे आम्हा पाचांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.