वीस मिनिटं शिल्लक

नाव पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत घेतलं आहे. कारखान्यात आणि वस्तीत मला पाकीटमास्तर म्हणतात. हे ऐकून लिहून घेणाऱ्या हवालदारांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं, म्हणून खुलासा करतो की मी कागदी पाकिटं बनवणाऱ्या मशीनचा फिटर आहे. वय सदुसष्ट. धंदा फिटर, निवृत्त. राहणार मुलाच्या घरी, तिसरा मजला, लिफ्ट गेल्या वर्षापासून बंद.

चाकाच्या खुर्चीत बसून ठाण्यात हजर झालो आहे. विचारल्यावरून माझ्या तोंडाने सांगतो ते असं.

मी वर सांगितलेल्या ठिकाणी मुलगा व सून यांच्यासोबत राहतो. पत्नी हयात नाही. मुलगा पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. ज्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यांनी जुनं पाकीट मशीन परदेशातल्या एका कारखान्याला विकलं. तिकडे ते जोडायला दोन इंजिनियर पाठवले. त्यांनी बावीस दिवसांत मशीन जोडलं आणि ते प्रत्येक पाकीट उलटं चिकटवू लागलं. मग मालकांना माझी आठवण झाली. तीन आठवड्यांचं काम, राहायला एक खोली, जाण्यायेण्याचं तिकीट, असं ठरलं.

जाण्याच्या चार दिवस आधी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, मी व मुलगा मिळून बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेलो. सदर दुकानदार म्हणजे या प्रकरणात ज्याच्या भुवईला दोन टाके पडले तोच. त्याने आमच्यापुढे तीन गोष्टी ठेवल्या. एक, आहे त्याच नंबरावर रोमिंगचा पॅक. ते महाग पडेल असं तो स्वतःच म्हणाला. दोन, तिकडे उतरल्यावर विमानतळाबाहेरच्या दुकानातून तिथलं कार्ड घ्यायचं. तो म्हणाला, "काका, हेच सगळ्यात स्वस्त. पासपोर्ट दाखवायचा, दहा मिनिटांत चालू. नेटवरून रोज तासभर बोला, वेगळं काही लागत नाही." तीन, त्याच्याकडे तयार मिळणारं प्रवासी कार्ड. त्यात महिन्याला थोडं नेट आणि बोलायला वीस मिनिटं. समोरच्याने फोन उचलला की मिनिट सुरू होणार, नुसत्या रिंगला काही जाणार नाही.

मला दोन नंबरचं पटलं होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, तिकडे उतरून तुम्ही कुणाशी काय बोलणार? भाषा येते का?" मशीनशी बोलायला मला भाषा लागत नाही आणि दुकानदाराला पासपोर्ट दाखवायलाही लागली नसती. पण मी गप्प राहिलो. मुलाच्या कानात रिंगला काही जात नाही एवढंच शिरलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद त्याला बढती मिळाली तेव्हाही नव्हता. त्याने तीन नंबरचं कार्ड घेतलं.

दुकानदाराने कार्डाच्या पाकिटावर पेनाने एक नंबर लिहून दिला. तिकडे काही अडचण आली तर हा फिरवायचा, पोलीस आणि अॅम्ब्युलन्स दोन्ही येतात, फुकट आहे, असं तो म्हणाला. कार्ड फोनमध्ये घातल्यावर मुलाने ते पाकीट चुरगळून दुकानाबाहेरच्या डब्यात टाकलं. हे मी पाहिलं. मी ते डब्यातून काढलं नाही, ही माझी चूक आहे, ती लिहावी.

घरी आल्यावर मुलाने फोनमधलं नेट बंद केलं. आपोआप काहीतरी चालू होतं आणि मागून बिल येतं, असं त्याला कार्यालयात कुणीतरी सांगितलं होतं. नंतर त्याने एक तक्ता तयार केला. कार्यालयातून छापून आणला, प्लास्टिकमध्ये बसवला. एकदा वाजवलं तर खुशाल. दोनदा वाजवलं तर काम संपलं. तीनदा वाजवलं तर विमानात बसतो आहे. रोज संध्याकाळी मी वाजवायचं, त्याने न उचलता कापायचं. कापला म्हणजे निरोप पोचला. मी विचारलं, "आणि काही झालं तर?" तो म्हणाला, "काही होत नाही बाबा. रोज हजारो माणसं जातात." सूनबाई म्हणाल्या, "वीस मिनिटं आहेत ना, चार शब्द बोलू दे की त्यांना." त्यावर तो म्हणाला, "ती अडीअडचणीला ठेवायची." तक्त्यात अडीअडचणीची ओळ नव्हती. पाणीपुरवठ्याचं काम हे लोक कसं करत असतील याचा अंदाज मला तेव्हा आला.

तिकडे पहिले सोळा दिवस मी रोज वाजवलं आणि त्याने रोज कापलं. मशीन दहाव्या दिवशी सरळ पाकिटं काढू लागलं. दोष एका दट्ट्याचा होता, तो इंजिनियरांनी उलटा बसवला होता. तिथला फोरमन मला मिठी मारून काहीतरी बोलला. ते मला घरी कुणाला तरी सांगायचं होतं. तक्त्यात त्याचीही ओळ नव्हती, म्हणून मी एकदा वाजवलं. त्याने कापलं.

सतराव्या दिवशी शनिवार होता. शनिवार-रविवार कारखाना बंद असतो. तिकडच्या सकाळी साडेसातला खोलीच्या न्हाणीघरात माझा पाय घसरला व मी उजव्या कुशीवर पडलो. उठता आलं नाही. खुबा मोडला आहे हे मला पडतानाच आवाजावरून कळलं. एकतीस वर्षं मोडणाऱ्या वस्तूंचे आवाज ऐकले आहेत. फोन सदऱ्याच्या खिशात होता. फोरमनचा नंबर टेबलावर कागदावर लिहिलेला होता, टेबल बाहेरच्या खोलीत. डब्यात गेलेला नंबर मला आठवेना. हाका मारल्या, पण घरमालकीणबाई शनिवारी लेकीकडे जातात. मला पाठ असलेला एकच नंबर होता, तो मुलाचा.

मी मुलाला फोन लावला. दुसऱ्या रिंगला त्याने कापला. मी परत लावला. त्याने परत कापला. माझ्या मनात आलं की तीनदा झालं तर याला वाटेल मी विमानात बसलो, म्हणून तिसऱ्यावर न थांबता चौथ्यांदा, पाचव्यांदा लावला. पुढे मोजणं सोडलं. दुपारनंतर तो कापेनासा झाला, नुसतं वाजत राहायचं. मला बरं वाटलं, की याच्या लक्षात आलं आणि हा आता धावपळ करतो आहे. रविवारी दुपारी फोनची बॅटरी संपली. खालचा नळ हाताला लागत होता, त्यामुळे पाणी मिळालं. बाकी त्या दोन दिवसांबद्दल मला काही सांगायचं नाही.

सोमवारी सकाळी आठला कारखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर मला न्यायला आला. त्याने दार ठोठावलं, माझा आवाज ऐकून दार तोडलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. फोरमनने कारखान्याच्या फोनवरून मुलाला चार वेळा फोन केला. परदेशातला अनोळखी नंबर म्हणजे फसवणूक, असं म्हणून मुलाने चारही कापले. शेवटी माझ्या जुन्या मालकांचा शिपाई निरोप घेऊन मुलाच्या घरी गेला. म्हणजे इतकी यंत्रं असून बातमी पायी पोचली.

पाच आठवड्यांनी मला घरी आणलं. तीन मजले चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. त्यानंतर चौथ्या दिवशी, म्हणजे या महिन्याच्या अकरा तारखेला, मुलगा म्हणाला, "बाबा, जरा मोबाइलवाल्याकडे जाऊन येऊ." मी कशाला म्हणून विचारलं. तो म्हणाला, कार्डातली वीस मिनिटं वापरलीच नाहीत, त्याचे पैसे परत मागू. मला सोबत नेण्याचं कारण, खुर्ची बघून माणूस जास्त वाद घालत नाही, असा त्याचा अंदाज होता. मला परत तीन मजले उतरवण्यात आलं.

संध्याकाळी साधारण साडेपाचला आम्ही दुकानात पोचलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मला बघून दुकानदार काउंटरमागून बाहेर आला, खाली वाकून म्हणाला, "काका, हे काय झालं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "पण मग फोन नाही केलात घरी?" मुलगा मध्येच म्हणाला, कार्डच खराब होतं, फोन लागतच नव्हते, पैसे परत दे. दुकानदाराने माझा फोन मागितला. मी दिला. त्याने यादी उघडली आणि मोजलं. शनिवारी सव्वीस, रविवारी पंधरा, एकूण एक्केचाळीस फोन लावलेले. तो म्हणाला, "कार्ड चालू आहे साहेब. रिंग गेली आहे. तुमचा फोन दाखवा." मुलाचा फोन काउंटरवरच होता. दुकानदाराने तो उचलून त्याच्यासमोर धरला, तसा तो चेहरा बघून उघडला. दुकानदार वाचू लागला. पहिले एकोणीस कापलेले. पुढचे बावीस न उचललेले. मग त्याने काहीतरी दाबून बघितलं आणि हळूच म्हणाला, "या नंबराचा आवाज तुम्ही बंद करून ठेवलाय. अजून बंदच आहे."

एवढ्यावर मुलाने दुकानदाराच्या थोबाडीत मारली. दुकानदार काउंटरच्या काचेवर आदळून त्याच्या भुवईला जखम झाली. दुकानदाराने हात उचलला नव्हता, शिवी दिली नव्हती. मी दोन हातांच्या अंतरावर होतो, मधे कुणी नव्हतं, दिवे लागलेले होते. माझे डोळे चांगले आहेत. पाकिटाचा जोड केसभर सरकला तरी मला दिसतो.

मुलाने या ठाण्यात तक्रार दिली आहे की दुकानदाराने खराब कार्ड देऊन फसवलं, त्यामुळे वडील दोन दिवस मदतीशिवाय पडून राहिले, आणि झटापटीत तो स्वतःच काचेवर पडला. ही तक्रार मला वाचून दाखवली. तिच्यात माझं वय, खुब्याची बाजू आणि तारीख एवढं बरोबर आहे.

आज ठाण्यात येताना गाडीत मुलगा मला म्हणाला, "बाबा, गुन्हा नोंदला गेला तर माझी पुढची बढती गेली, नोकरीवरही येईल. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की फोन लागत नव्हते." सूनबाई पुढच्या सीटवर होत्या. त्या काचेतून बाहेर बघत होत्या. मी मुलाला म्हटलं, "म्हणतो. पण आधी एक सांग. त्या शनिवारी माझे इतके फोन येत होते, तेव्हा तुला काय वाटलं?" मला वाटलं तो म्हणेल, चुकून दाबलं जातंय असं वाटलं. ते मी चालवून घेतलं असतं आणि इथे येऊन खोटं बोललोही असतो, हे लिहून घ्यावं. तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला तिकडे करमत नसेल."

करमत नसेल म्हणून आवाज बंद केला, असं त्याचं म्हणणं आहे. हे कोणत्या कलमात बसतं असं मी हवालदारांना विचारलं. बसत नाही असं ते म्हणाले. म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तरी दुकानदाराने दिलेलं कार्ड चांगलं होतं, त्याने सांगितलेलं सगळं खरं होतं आणि त्याला माझ्या मुलाने विनाकारण मारलं, असं माझं सांगणं आहे. मुलाच्या बढतीचं काय होईल हे मला माहीत आहे. मी हे शुद्धीवर असताना, कुणी न शिकवता सांगतो आहे. शिकवलेलं मी गाडीतच ठेवून आलो.

मुलगा या खोलीबाहेरच्या बाकावर बसला आहे. मला कमी ऐकू येत नाही. तरीही हा जबाब दार उघडं ठेवून मोठ्या आवाजात वाचावा, अशी विनंती मी केली. तो तसा वाचण्यात आला. मधे एकदा बाहेरून "बाबा" अशी हाक आली. मी उत्तर दिलं नाही. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे.