मंजूला न दिसलेला सारस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले प्राचार्य भोजराज रहांगडाले साहेब. प्रमुख पाहुण्या, नेत्रतज्ज्ञ डॉ. रेणू पटले मॅडम. व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, कर्मचारी बंधू-भगिनी आणि माझ्या विद्यार्थ्यांनो, आपणा सर्वांना सविनय नमस्कार.

माझ्याबद्दल इथं इतकं चांगलं बोललं गेलं की हे कटरे सर नेमके कोण, असं शेजारच्यांना विचारावंसं वाटलं! निवृत्त होणाऱ्यानं उपदेश करावा अशी रीत आहे. मी मात्र एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगणार आहे. ती समोरच बसली आहे आणि तिची परवानगी मी घेतली आहे.

दर हिवाळ्यात मी प्राणिशास्त्राच्या मुलांना पक्षी पाहायला नवेगाव बांधला नेतो. पूर्वी बस भरायची. दोन हिवाळ्यांपूर्वी ग्रुपवर सगळ्यांनी होकाराचे अंगठे पाठवले आणि सकाळी स्टँडवर आली एकटी मंजू कापगते. गाव केशोरी, एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. सोबत आपल्या प्रयोगशाळेतल्या यशोदाबाई होत्या. निघालो तिघंच.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर चढून पाहिलं, तर खालच्या कापलेल्या धानाच्या शेतात सारस उभा. माणसाएवढा पक्षी, लालभडक डोकं. यशोदाबाई हरखून गेल्या. मंजू मात्र भलतीकडंच पाहत होती.

"दिसला का गं?"

"कोनता सारस, सर? मले तं समदं पुसल्यासारखं दिसून राहिलं."

"कधीपासून?"

"मालूम नाही. मले वाटे, सगळ्यायले असंच दिसते."



मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डोळ्यांची आग, डोकेदुखी, खोलीवर रात्री उशिरापर्यंत मोबाइल. वर्गात फळा दिसत नसे, म्हणून ती मोबाइलनं फळ्याचा फोटो काढायची आणि मोठा करून वाचायची. स्टाफरूममध्ये तक्रार होती, ही मुलगी तासाला मोबाइल खेळते. महिनाअखेरीस कॉलेजातून नाव काढून गावी परतायचं, हे तिनं मनाशी ठरवलंही होतं.

"पण खोलीवर काऊन एवढा मोबाइल पाहतेस?" यशोदाबाईंनी विचारलं.

"खोलीत कोनी नाही ना, बाई. बंद केला का आवाजच राहत नाही. दिवसभर माह्या नावानं मले कोनी हाक मारत नाही."

त्या दिवशी पुढं किती पक्षी पाहिले, मला आठवत नाही.

डॉक्टर मॅडम, आपल्याकडंच आणलं होतं तिला. माझ्या सांगण्यात काही चुकलं तर टोका. चष्म्याचा नंबर निघाला. नंबराचा सगळा दोष मोबाइलला देता येणार नाही, असं आपण म्हणालात. पण एकटक पाहताना पापण्या पुरेशा मिटत नाहीत आणि डोळे कोरडे पडतात, तेही समजावलंत. केशोरीहून तिचे वडील उदारामजी आले होते. ते तडकले, "मोबाइल काढूनच घेतो पोरीचा!"

आपण शांतपणे विचारलंत, "घ्या. मग ती बोलेल कुणाशी?"

उदारामजींनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मी रोज फोन करतो, मॅडम. जेवली का, म्हनतो. ते हो म्हनते. मंग पुढं काय बोलाव, समजतच नाही."

चष्म्यानं फळा दिसू लागला. औषधाच्या थेंबांनी आग कमी झाली. खोली मात्र तशीच सुनी होती. शेवटी मंजूनंच धीर करून वर्गातल्या नीतूला विचारलं, "माह्या खोलीवर राहाले येतं का?" नीतूही कुठं तरी एकटीच राहत होती आणि वर्षभर दोघी एकाच बाकावर बसत होत्या! आता संध्याकाळी मोबाइल खोलीत ठेवून दोघी दूरवर फिरायला जातात. भांडतातही भरपूर, असं ऐकतो. मंजूनं कॉलेज सोडलं नाही. या उन्हाळ्यात ती एम.एस्सी. पास झाली.

परवा दोघी मला भेटायला घरी आल्या होत्या. मी जेवत होतो. आमच्या सौभाग्यवती गेल्यापासून मीही पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून जेवतो. मुलगा हिमांशु बंगळुरूला आहे, तो कामात असतो. मंजूनं माझं ताट पाहिलं, मोबाइल पाहिला आणि विचारलं, "सर, कॉलेज सुटल्यावर तुमी कोनासंग बोलाल?"

पाहुण्यांना चहा विचारायचा असतो. मला तेवढंही सुचलं नाही. तोच प्रश्न घेऊन आज इथं उभा आहे.

म्हणून एकच मागणं मागतो. मला सकाळचे फुलांचे मेसेज पाठवू नका. माझ्या घराच्या बाजूला आलात, तर फाटकाशी उभं राहून नावानं हाक मारा. मी घरीच असेन.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलता बोलता कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आपली रजा घेतो. नमस्कार.