शंभर मार्कांचं गाव

...आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, तुमी नेमक्या कोन्त्या खात्याच्या?" आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? मी कुठल्याच खात्याची नाही हो. मी अपूर्वा, वय एकोणतीस, एका चार वर्षांच्या मुलीची आई, मला राहायला एक गाव हवंय, बस, एवढ्यासाठी इंझोरीत एका लिंबाच्या झाडाखाली वही घेऊन उभी आहे आणि साधं विचारते आहे की इथे नळाला पाणी किती दिवसांनी येतं... तर दहा मिनिटांत माझ्यापुढे सतरा माणसांची रांग, प्रत्येकाच्या हातात रेशन कार्ड, आणि सगळ्यांच्या पुढे रतनसिंग नावाचे एक आजोबा. "लिहा मॅडम. पाणी नाई. तीन वर्सापासून थेंब नाई." आणि हे सांगताना त्यांच्या पाठीमागे त्यांची सून नळाला पाइप लावून म्हैस धुते आहे, धो धो. मी म्हटलं, आजोबा, ते काय मग? त्यांनी वळून पाहिलं, अगदी शांतपणे पाहिलं, आणि म्हणाले, "थे म्हशीचं पानी हाय. मानसाचं नाई."

लिहा आता वहीत काय लिहायचं ते.

पण थांबा, मी मधूनच सुरू केलं. वहीचं आधी सांगते. त्या वहीत मी एक तक्ता केला होता, शंभर मार्कांचा. शाळा वीस, पाणी पंधरा, डॉक्टर पंधरा, नेट दहा, कारण मी घरी बसून शाळांसाठी पुस्तकं तयार करायचं काम करते, वाचनालय दहा, आणि राहिलेले तीस मार्क लोकांना. लोकांचा नियम सोपा होता. जो कोणी कशिशकडे बघून विचारेल, हिचे पप्पा कुठे, त्याच्या गावाचे पाच मार्क वजा. एकदा विचारलं, पाच गेले. दोनदा विचारलं, दहा गेले. माझी अट एकच होती, की कुणी विचारू नये. फार आहे का हो? मी काही विमानतळ मागत नव्हते.

कशिशला मी दत्तक घेतलं आहे. लग्न झालेलं नाही माझं. मूल हवं होतं, नवऱ्याची तेवढी घाई नव्हती, आणि कायदा म्हणतो की एकटी बाई घेऊ शकते, तर मी घेतलं. चोरून नाही, रांगेत उभी राहून, मुलाखती देऊन, घर तपासून घेऊन. पुण्यात राहत होतो आम्ही. पुण्यात कुणी काही विचारत नाही, हे खरं आहे. पुण्यात समजून घेतात. तिच्या बालवाडीच्या बाईंनी एक दिवस मला बाजूला घेतलं, मान अशी तिरकी केली आणि इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, "रविवारी फादर्स डे आहे ना, त्याचा कार्यक्रम आपण शुक्रवारी ठेवलाय, तर कशिशला आपण त्या दिवशी सुट्टी देऊया का? तिला उगीच वाईट नको वाटायला." म्हणजे शाळेत बावीस मुलं लाडू खाणार, आणि माझी मुलगी घरी, तिला वाईट वाटू नये म्हणून. मी त्याच दिवशी ठरवलं, पुणं सोडायचं. मैत्रिणी म्हणाल्या, वेडी आहेस, लहान गावात तर जास्त विचारतात. मी म्हटलं, तुम्हाला गाव माहीत नाही. जसं काही मला माहीत होतं.

आणि विचारल्याचं मला काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मला नाही हो काही. पण कशिशला कुणी विचारलं ना, तर ती आधी माझ्या तोंडाकडे बघते. उत्तर तिला माहीत आहे. मी तिला सांगितलंय, रोज सांगते, गोष्टीसारखं सांगते. तरी ती बघते. आईचं तोंड कसं होतं ते बघते, आणि मग आपलं तसं करते. आता जूनमध्ये तिची शाळा सुरू होणार, तिथे मी सोबत नसणार, मग ती कुणाच्या तोंडाकडे बघणार? म्हणून गाव. म्हणून मार्क.

वाशीम जिल्हाच का? कारण माझे पप्पा, हुकूमचंद, त्यांचं वाशीमला कापडाचं दुकान आहे. मी फोन केला, पप्पा, मी येते आहे. ते म्हणाले, "वाशीमला नको." का? "दुकानात लोक विचारतात." मग सांगा त्यांना. "काय सांगू?" मी म्हटलं, नात आहे, एवढं सांगा. तर पलीकडून नुसता कापड फाडल्याचा आवाज. दीड मीटर तरी असेल. मी म्हटलं ठीक आहे, वाशीम नको, पण एका एसटीच्या अंतरावर राहीन, म्हणजे ज्या दिवशी यांना सुचेल त्या दिवशी हे तासाभरात येऊ शकतील. मी हट्टी आहे, पण सोय बघून हट्टी आहे.

तर पहिलं गाव मानोरा. स्टँडवर उतरलो, समोर मदनसिंग यांची चहाची टपरी. एक चहा, एक पार्ले. मी वही उघडायच्या आत त्यांनी सुरू केलं. "पोट्टी तुमची?" हो. "मिस्टर नाई आले?" नाहीत. "वारले?" नाही. "सोडलं?" नाही. तर तो माणूस गाळणी हातात धरून विचार करतो आणि म्हणतो, "मंग हायेत." अहो नाहीत. "नाई कसे? वारले नाई, सोडलं नाई, म्हंजे हायेत कुठीतरी." तर्क बघा. एका कटिंगमध्ये पंधरा मार्क गेले. मी दात आवळून विचारलं, शाळा कशी आहे इथली? लगेच त्यांनी मला शिक्षण खात्यातली धरलं आणि खांद्यावरचा रुमाल काढून नीट ठेवला. "शाळा चांगली हाय मॅडम, मास्तर रोज येते, येळेवर येते, आमची काई तक्रार नाई." मग हळूच, "पन तुमाले राह्याचं असन तं इथं काहून राह्यता? दिवाळी झाली का तांडेच्या तांडे कामाले बाहेर जाते, अर्धा वर्ग खाली. तुमी इंझोरीले जा. लय चांगलं गाव हाय."

इंझोरीत काय झालं ते सांगितलंच. सतरा जणांनी सांगितलं पाणी नाही, रस्ता नाही, डॉक्टर नाही, छप्पर गळतं, आणि एकीने तर घरात माणसं किती हे सांगताना शेजारणीची दोन मुलं उसनी धरली. मी ओरडून सांगितलं की मी सर्वेवाली नाही, मला इथे घर भाड्याने घ्यायचंय. रेशन कार्डं परत पिशव्यांत गेली. आणि मग रतनसिंग आजोबा म्हणतात, "घर? तुमी एकट्या? अन् हिचा बाप?" पाच मार्क. "बाप्पा, मंग इथं कायले येता? मालेगावले जा. रोडवर हाय, लय चांगलं गाव हाय."

तुमच्या लक्षात येतंय का? इथे प्रत्येकाला दुसऱ्याचं गाव चांगलं दिसतं. आणि दुसऱ्या गावी जाऊन विचारावं तर ते तिसऱ्याचं नाव सांगतात. असं करत करत मी जिल्हा ओलांडून बाहेर पडले असते.

मालेगावला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर. एका हार्डवेअरच्या दुकानात सहा गिऱ्हाइकं उभी, मी मालकांना विचारलं, काय हो, बाजार कसा आहे इथला? त्यांनी वही पाहिली, माझा चष्मा पाहिला, आणि माझ्या डोळ्यांदेखत शटर अर्धं खाली ओढलं. "कायचा बाजार मॅडम. धंदाच नाई. आमी निस्ते बसून राह्यतो." सहा गिऱ्हाइकं शटरखालून वाकून बघताहेत. मानोऱ्यात मी शिक्षण खातं, इंझोरीत सर्वे, मालेगावात टॅक्स. तीन गावांत तीन खोटी उत्तरं, आणि मी त्यांना मार्क देत बसलेली. एम.ए. आहे मी. मला संशोधन पद्धती हा विषय होता. पहिला वर्ग.

आणि त्या शटरच्या खिळ्यात कशिशचा फ्रॉक अडकला. टर्रर... कमरेपासून खालपर्यंत. ती रडायला लागली, मला वाटलं आपणही बसावं इथेच आणि रडावं, पण समोर पाटी दिसली, पिको-फॉल करून मिळेल. आत एक बाई, साठीच्या, नाव लतीफा, सगळी गल्ली त्यांना चाची म्हणते. त्यांनी मला बघितलंच नाही. "इकडे ये बेटा," असं कशिशला म्हणाल्या, उचलून टेबलावर उभं केलं आणि फ्रॉक अंगावर तसाच ठेवून सुई चालवायला लागल्या. ओठांत टाचणी धरलेली, तरी बोलणं सुरूच. "बाप कुठी हाय हिचा?"

कशिशने माझ्याकडे पाहिलं.

नाहीये, मी म्हटलं. "मेला?" नाही. "पळाला?" नाही. "असा कोन्ता बाप हाय, जो मेलाबी नाई अन् पळालाबी नाई?" वीस मार्क, श्वास न घेता. तुम्हाला सांगते, मला तेव्हा इतका राग आला... मी म्हटलं, दत्तक घेतली आहे मी तिला. एकटीने. माझं लग्न झालेलं नाही. झालं समाधान?

चाचींनी टाचणी तोंडातून काढली. "एकटीले सरकारनं देली?" दिली. "कागद हाय?"

होता ना. मी तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून सगळीकडे सोबत नेते. काढून समोर ठेवला. "वाच." इंग्रजीत आहे. "मंग मराठीत वाच. अन् जोरात वाच, रुखमाबाईले ऐकू गेलं पाह्यजे." फॉल लावून घ्यायला आलेल्या एक बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मले येते ऐकू." चाची म्हणाल्या, "तुले येते, गल्लीले येत नाई."

आणि मी वाचला. दुकानाच्या पायरीवर उभी राहून, भर उन्हात, वाक्य वाक्य मराठी करून. ही मुलगी आजपासून सर्व बाबतींत हिचीच मुलगी, जणू हिच्याच पोटी जन्मली... हार्डवेअरवाल्याचं शटर हळूहळू वर गेलं. सहा गिऱ्हाइकं बाहेर आली. खाली जिल्हाधिकाऱ्यांची सही, गोल शिक्का. चाचींनी कागद हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि गल्लीकडे तोंड केलं. "पाह्यलं? कलेक्टरची सही हाय या पोट्टीवर. तुमच्यापैकी कोनाच्या पोरावर हाय? खालिदवर हाय माझ्या? नाई. तो असाच आला." मग त्यांनी कैची उचलली. "आता जे इचारायचं असन थे आत्ता इचारून घ्या. उद्यापासून हिले कोनी इचारलं, तं ही कैची पाहून ठेवा."

आणि लोकांनी विचारलं हो. पाऊण तास विचारलं. रात्री भेव नाई वाटत? घरचे काय म्हनले? उद्या लगन केलं तं हिचं काय? पगार कोन देते? चाचींचा स्वतःचाच प्रश्न, "वर दोन खोल्या खाली हायेत. कागदात नाव जैन वाचलं तू, माझ्या घरी गोश्त शिजते, वास येईन, चालन काय?" मी उत्तरं देत होते आणि डोक्यात मार्क वजा करत होते, मालेगाव उणे साठ, उणे पंच्याऐंशी, उणे एकशे पाच... आणि मग मी कशिशकडे पाहिलं, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. टेबलावर पाय हलवत बसली होती आणि एकेका माणसाचं तोंड निरखत होती, जसं काही तिचीच गोष्ट चालली आहे आणि पुढे काय होतं ते तिला ऐकायचंय. तिथे मी हिशोब सोडला.

पाणी चौथ्या दिवशी येतं. नेट एकाच खिडकीत मिळतं, तेही उभं राहून. वाचनालय आहे, किल्ली ज्यांच्याकडे आहे ते अकोल्याला असतात. तक्त्यात मानोरा पहिलं आलं, मी मालेगावला राहिले. पप्पा मे महिन्यात आले, हातात फ्रॉकचं कापड. खाली चाचींनी अडवलं. "तुमी नानाजी?" हो. "इतके दिवस कुठी होते?" माझे पप्पा, जे बाजारात कुणाला उत्तर द्यायला कधी थांबत नाहीत, ते उभ्या उभ्या म्हणाले, "माप घ्यायचं होतं." वर आले तेव्हा डोळे लाल होते, म्हणाले, धूळ फार आहे तुमच्या रोडला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने तिला विचारलं, तुझे पप्पा कुठी हायेत? बाईंनीच मला सांगितलं. म्हणाल्या, कशिशने डब्यातून मान पण वर केली नाही. "मले पप्पा नाईत," म्हणाली, "मले सही हाय." आणि पोळी खात राहिली. आठच दिवसांत मुलगी वऱ्हाडी बोलायला लागली, ते वेगळंच.

आता सगळं सुरळीत आहे असं मला वाटलं. तर परवा रुखमाबाई जिना चढून आल्या. आपल्या दोन मुलींना तेल लावून, घट्ट वेण्या घालून, सोबत आणलेलं. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "ताई, थो कागद आमच्याबी पोरींचा काढून द्या ना." मी म्हटलं, मावशी, तो दत्तकाचा असतो, या तुमच्याच मुली आहेत. "हायेत ना. म्हनूनच तं पाह्यजे. सासू म्हनते पोरी परक्याचं धन. कलेक्टरनं लिहून देल्लं का ह्या रुखमाच्या हायेत, तं लावीन ना भिंतीवर." मी समजावलं. कायदा समजावला. कलम सांगितलं. स्वतःची मुलगी दत्तक घेता येत नाही, हे चार प्रकारे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे तुमी आनली तं कागद भेटते, अन् म्या नऊ महिने पोटात ठेवली तं भेटत नाई. काहून?"

काहून... मी जन्मभर सगळ्यांशी वाद घातले, तुम्हाला सांगते, पण इथे मी रुखमाबाईंच्याच बाजूची निघाले. काय करता? मी पेन काढलं. म्हटलं, बसा मावशी, मुलींची पूर्ण नावं सांगा, अर्ज करून तर पाहू.